गॅसच्या भावावरून भांडतात, पण हिशोबाला एकत्र बसतात

२०२५ चा एप्रिल महिना होता. सोलापूरचं ऊन, दुपारचा दीड, एका दवाखान्याच्या गच्चीवर मी दीड टनाच्या स्प्लिट एसीला गॅस भरत होतो. आउटडोअर युनिटचा पत्रा असा तापलेला की हात लावला तर चटका, सिलिंडरवर ओला फडका टाकलेला, गेज लावलेले आणि सिलिंडर काट्यावर ठेवून मी आकडा खाली येताना बघत उभा. तेवढ्यात डॉक्टर स्वतः वर आले, मोबाईल हातात, म्हणाले अहो ऐकलं का, अमेरिकेनं चीनवर १४५ टक्के टॅरिफ लावलं आणि चीननं उलट १२५ टक्के लावलं, ही दोघं आता एकमेकांच्या उरावर बसलीत, आता ते हवामान-बिवामान कोण बघणार?

मी तेव्हा नुसती मान हलवली, कारण काट्यावरून नजर काढता येत नव्हती. पण संध्याकाळी घरी जाताना डोक्यात तेच घोळत राहिलं. कारण त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्याच गच्चीवर त्या काट्यावर उभं होतं, त्या सिलिंडरमध्ये. आणि हे मला कधीपासून लिहायचं होतं, तर आज लिहून टाकतो, थोडं लांबेल.

आमचं दुकान वडिलांनी १९८४ मध्ये चालू केलं. तेव्हा एसी वगैरे कुठे होते, बँकेत एखादा विंडो एसी, बाकी सगळं काम फ्रिजचं. त्यात गॅस एकच, आर-१२, सगळे त्याला ‘बारा नंबर’ म्हणायचे, पांढरं सिलिंडर. मी आयटीआय करून २००१ मध्ये दुकानात बसलो तेव्हा बारा नंबर संपत आला होता, निळ्या सिलिंडरचा १३४ए आला होता, आणि एसीला फिकट हिरव्या सिलिंडरचा ‘बावीस’. मग गुलाबी सिलिंडरचा ४१०ए आला, आणि आता सगळीकडे ‘बत्तीस’, म्हणजे आर-३२. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत रिकामी सिलिंडरं रांगेत ठेवली ना तर चाळीस वर्षांचा इतिहास दिसतो. बरेच मेकॅनिक हे ‘कंपनीनं गॅस बदलला’ असं समजतात. मीपण बरीच वर्षं तसंच समजत होतो. कंपनीनं नाही बदलला, एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या देशांनी एका टेबलावर बसून बदलला.

वडिलांच्या काळात काम करायची पद्धत सरळ होती. कॉम्प्रेसर बदलायचा असला की पाईप कापायचा, आतला गॅस फुस्सकन बाहेर, मोकळं. मीपण सुरुवातीला शेकडो वेळा केलंय ते. वास नाही, धूर नाही, जळत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, मग त्यात वाईट काय आहे असंच वाटायचं. नेमका तोच त्या गॅसचा प्रॉब्लेम होता. तो इतका ‘शांत’ की खाली कशाशीच त्याची रिअ‍ॅक्शन होत नाही, वर्षानुवर्षं टिकून हळूहळू वर जातो, आणि तिकडे वर उन्हातल्या अतिनील किरणांनी फुटला की त्यातला क्लोरीन ओझोनच्या मागे लागतो. मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हे मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ब्रिटिश लोकांना ओझोनच्या थराला पडलेलं मोठं खिंडार दिसलं. आणि १६ सप्टेंबर १९८७ ला कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हे गॅस कमी करायचा करार झाला.

आता १९८७ म्हणजे काय काळ होता ते आठवा. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन, दोघांकडे एकमेकांवर रोखलेली हजारो अण्वस्त्रं, शीतयुद्ध अजून संपलेलं नाही. आणि तरी सोव्हिएत युनियन त्या वाटाघाटींत होता, आणि त्यांची अडचण काय होती तर त्यांच्या पंचवार्षिक योजनेत गॅसचे कारखाने आधीच मंजूर होऊन बांधायला घेतलेले होते, ते मध्येच कसे थांबवायचे. मग करारात त्यांच्यासाठी एक खास कलम घातलं, बांधकाम चालू असलेल्या कारखान्यांना मर्यादेत सूट. सोव्हिएतनी वर्षअखेर सही केली. मला हे वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, कारण कोणी कोणाला ‘तुमची व्यवस्था चूक आहे’ असं ऐकवत बसलं नाही, तुमची अडचण काय, किती टन, कधीपर्यंत, एवढंच बोलणं.

आणि दुसरं, या कराराचा खरा कणा व्यापाराचा आहे. चौथं कलम असं की जो देश करारात नाही त्याच्याकडून हा गॅस घ्यायचा नाही आणि त्याला विकायचाही नाही. म्हणजे बाहेर राहून ‘तुम्ही बंद करा, आम्ही विकतो’ असं कोणाला करता येणार नाही. बाहेर राहिलं तर बाजारच बंद. लोकांना वाटतं पर्यावरणाचे करार म्हणजे भाषणं आणि झाडं लावणं, पण हा करार टिकला तो या रोकड्या कलमामुळे. आज जगातले सगळे देश, एकूण १९८ सदस्य, त्यात आहेत. सगळे म्हणजे खरंच सगळे.

आपण आणि चीन मात्र सुरुवातीला बाहेर होतो आणि आपलं म्हणणं बरोबर होतं. ओझोनला खिंडार कोणी पाडलं, तर युरोप-अमेरिकेच्या फ्रिज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांनी. आपल्याकडे तेव्हा गल्लीत एका घरात फ्रिज, अख्खी गल्ली उन्हाळ्यात तिथून बर्फ मागायची, आणि आता आम्हालाच सांगता की महागडा नवीन गॅस घ्या? १९९० मध्ये लंडनला बैठक झाली तेव्हा मनेका गांधी आपल्या पर्यावरण मंत्री होत्या, त्यांनी आणि चीननं हेच लावून धरलं, पैसे आणि तंत्रज्ञान दिल्याशिवाय सही नाही. १९६२ चं युद्ध विसरलेले नसलेले हे दोन शेजारी तिथे एका बाजूला उभे होते बरं का. शेवटी श्रीमंत देशांनी पैसे टाकायचे असा बहुपक्षीय निधी तयार झाला, आणि त्याच्या कार्यकारी समितीत सात जागा श्रीमंत देशांना आणि सात विकसनशील देशांना, सारख्या. चीन १९९१ मध्ये आत आला, आपण १९९२ मध्ये. त्या निधीतून आजपर्यंत ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मंजूर झालीय.

त्यातला एक बारकासा तुकडा माझ्यापर्यंत पण आलाय. काही वर्षांपूर्वी मेकॅनिक लोकांसाठी दोन दिवसांचं मोफत ट्रेनिंग होतं, मी गेलो ते खरं सांगायचं तर सर्टिफिकेटसाठी. आम्ही तीसेक जण, कोणी बार्शीचं, कोणी पंढरपूरचं, कोणी अक्कलकोटचं. सरांनी पहिल्या तासाला एकच केलं, एक किलो आर-२२ म्हणजे किती असं विचारलं. कोणालाच प्रश्न कळला नाही. मग फळ्यावर मांडलं, शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो आर-२२ हवेत सोडला तर १८१० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे जवळपास ७८० लिटर पेट्रोल. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवर पस्तीस हजार किलोमीटर. आणि दीड टनाच्या जुन्या एसीत गॅस असतो साधारण एक किलो.

वर्गात कोणी बोललं नाही. मी मनातल्या मनात माझे फुस्स मोजायला लागलो आणि मोजणं मध्येच सोडलं.

जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारलं की सर या ट्रेनिंगचे पैसे कोण देतं, तर ते म्हणाले याच करारातल्या निधीतून येतात. म्हणजे अमेरिका, जपान, जर्मनी यांनी टाकलेल्या पैशातून सोलापूर जिल्ह्यातला मेकॅनिक पंप डाऊन, म्हणजे गॅस हवेत न सोडता मशीनमध्येच ओढून घेणं, कसा करायचा हे शिकत होता. मला ही गोष्ट त्या दिवसापासून सोडत नाहीये.

आता मी माझ्या गावाकडची गोष्ट सांगतो, कारण मला तरी हे सगळं तिथूनच समजतं. आमच्या भावकीत दोन चुलत घरं आहेत, त्यांचा बांधावरून दावा चालू आहे, वीस वर्षं झाली. लग्नाला बोलावणं नाही, मयताला लांबून येऊन जायचं, पोरं शाळेत एका बाकावर बसत नाहीत. पण विहीर सामाईक आहे. आणि त्या विहिरीवर पाण्याची पाळी आजपर्यंत एकदाही चुकलेली नाही. मोटारीच्या खोलीत खिळ्याला एक वही लटकवलेली आहे, दोरी बांधून पेन, आणि ज्याची पाळी तो मोटार चालू केली की वेळ लिहितो, बंद केली की वेळ लिहितो, लाइट मध्येच गेली तर तेपण लिहितो. दुसरा येऊन आधी ती वही वाचतो, मग बटण दाबतो. एकमेकांवर विश्वास? काडीचा नाही. म्हणूनच तर वही आहे. मी लहान असताना मला वाटायचं की मोठी माणसं किती दुष्ट, आता वाटतं की त्या वहीमुळे दोन्ही घरांचा ऊस उभा आहे.

तर मॉन्ट्रियलचा करार ही तशी वही आहे. कोणी किती टन बनवला, किती आणला, किती पाठवला, दरवर्षी लिहायचं.

पण मधल्या काळात एक घोळ झाला. ओझोन वाचवायला बारा आणि बावीस नंबर काढून जे नवीन गॅस आणले, १३४ए, ४१०ए, ते ओझोनला काही करत नाहीत पण उष्णता धरून ठेवण्यात कमी नाहीत. फळ्यावरच्या त्याच हिशोबात ४१०ए चा आकडा २०८८, म्हणजे बावीसपेक्षापण जास्त. बत्तीसचा ६७५. म्हणून आता हे गॅसपण कमी करायचे ठरलं, आणि इथे अमेरिका आणि चीनची गोष्ट येते.

जून २०१३ मध्ये ओबामा आणि शी जिनपिंग कॅलिफोर्नियात सनीलँड्सला भेटले. सायबर चोरी, उत्तर कोरिया, सगळे वादाचे विषय टेबलावर. आणि त्यातनं ठोस बाहेर आलं ते हे, की एचएफसी गॅस, म्हणजे हेच १३४ए, ४१०ए वगैरे, मॉन्ट्रियल कराराच्या चौकटीत कमी करायला दोघं मिळून काम करतील. तीन वर्षं घासाघीस चालली. आणि मग २०१६ चं साल बघा, मला हे साल फार महत्त्वाचं वाटतं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं चीनमधून येणाऱ्या एचएफसीच्या मिश्र गॅसवर, म्हणजे ४१०ए वगैरेवर, अँटी-डंपिंग ड्युटी लावली, की तुम्ही पडेल भावात माल टाकून आमचे कारखाने मारताय. आणि ऑक्टोबरमध्ये, १५ तारखेला पहाटे, रात्रभर जागून, रवांडाच्या किगाली शहरात त्याच गॅसचं उत्पादन कमी करायच्या करारावर हेच दोन देश एकमत झाले. गॅस तोच. दोन महिन्यांचं अंतर. एका हातानं खटला चालवला आणि दुसऱ्या हातानं वहीवर सही केली.

भारतानं वेगळं काय केलं? आपणही २०११ पासून चिनी १३४ए वर ड्युटी लावली, डिसेंबर २०२१ मध्ये चिनी आर-३२ वर लावली. २०२० मध्ये गलवान झालं, चिनी अ‍ॅप बंद झाले, आमच्या दुकानात येऊन लोक विचारायचे की हा पार्ट चायनाचा तर नाही ना. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आपण किगाली कराराला मंजुरी दिली, चीननं त्याच वर्षी जूनमध्ये दिली होती. मला यात काहीच विसंगती वाटत नाही. आपले कारखाने वाचवायचे असतील तर ड्युटी लावलीच पाहिजे, त्यात मी सरकारच्या बाजूनं आहे. पण ड्युटीचं भांडण वेगळं आणि हवेचा हिशोब वेगळा.

किगालीत अजून एक गोष्ट झाली जी फार कोणी सांगत नाही. सगळ्या देशांना एकच तारीख नाही दिली, गट केले. श्रीमंत देशांनी २०१९ पासून कमी करायचं. चीन, ब्राझील आणि बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ ला वाढ थांबवायची. आणि एक छोटा गट २०२८ चा, त्यात दहा देश आहेत, भारत, पाकिस्तान, इराण, इराक, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, बहरीन, ओमान आणि संयुक्त अरब अमिरात. वाचा परत एकदा ती यादी. भारत आणि पाकिस्तान एका गटात, इराण आणि सौदी एका गटात. ऑक्टोबर २०१६ म्हणजे उरी झालेलं होतं, सर्जिकल स्ट्राइक होऊन तीन आठवडे पण झाले नव्हते. तिकडे अनिल माधव दवे आपले पर्यावरण मंत्री बसलेले. आणि या दहा देशांना एकत्र आणणारी गोष्ट होती ऊन. आमच्याकडे पंचेचाळीस-पन्नास डिग्री जातं, आमच्याकडे एसी आत्ता कुठे यायला लागलेत, या उन्हात कुठला नवीन गॅस नीट चालतो ते बघायला आम्हाला वेळ द्या. मी गच्चीवर उभा राहून सांगतो, हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. थंड देशात जे मशीन मस्त चालतं ते आमच्या मे महिन्यात हाय प्रेशरवर ट्रिप होतं.

आता कोणी म्हणेल की एवढं सगळं छान आहे तर मग हवामानाच्या मोठ्या परिषदांमध्ये काहीच कसं हलत नाही. तर तिकडे अमेरिका आणि चीन या दोघांचं नातं कसं वर-खाली झालं ते बघा. नोव्हेंबर २०१४ मध्ये बीजिंगला ओबामा-शी यांनी एकत्र घोषणा केली, त्यामुळे २०१५ चा पॅरिस करार शक्य झाला. २०१७ मध्ये ट्रम्पनी त्यातून बाहेर पडायची घोषणा केली. २०२१ मध्ये बायडेन परत आत आले. अमेरिकेकडून जॉन केरी, चीनकडून शिए झेनहुआ, दोघंही सत्तरी ओलांडलेले, अनेक वर्षांची ओळख, यांनी ग्लासगोमध्ये नोव्हेंबर २०२१ ला एकत्र निवेदन काढलं. पण त्याआधी सप्टेंबरमध्येच चीनचे परराष्ट्र मंत्री वांग यी यांनी केरींना सांगून ठेवलं होतं की हवामानाचं सहकार्य म्हणजे वाळवंटातली हिरवळ असेल, तर चहूबाजूंनी वाळवंट असताना ती हिरवळपण कधी ना कधी वाळवंटच होणार. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या आणि चीननं हवामानाची बोलणीच थांबवून टाकली.

मला वांग यी यांचं ते म्हणणं समजतं पण पटत नाही. कारण बोलणी थांबली त्याच्या पुढच्याच महिन्यात काय झालं बघा. २१ सप्टेंबर २०२२ ला अमेरिकेच्या सिनेटनं किगाली कराराला ६९ विरुद्ध २७ मतांनी मंजुरी दिली, त्यात २१ रिपब्लिकन होते. हवामान हा शब्द काढला की ज्या सभागृहात दोन पक्ष हमरीतुमरीवर येतात तिथे हे झालं. आणि त्याचा देशांतर्गत कायदा डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांच्याच सहीनं झाला होता! का झालं? कारण तिथले एसी बनवणारे कारखानदारच मागे लागले होते. किगालीत पण व्यापाराचं कलम आहे, २०३३ पासून जो करारात नाही त्याच्याशी या गॅसचा व्यापार बंद. नवीन गॅसचं तंत्रज्ञान आमच्याकडे आहे आणि बाजार चिन्यांना मिळेल, हे त्यांना परवडणार नव्हतं. म्हणजे एकीकडे हिरवळ सुकत होती आणि दुसरीकडे गॅसच्या वहीत अमेरिकेनं नाव घातलं. पॅरिसमध्ये प्रत्येकानं आपापला आकडा सांगायचा, नाही पाळला तर कोणी विचारणार नाही. इथे पाळी आहे, निधी आहे, बाहेर राहिलं तर नुकसान आहे. फरक माझ्या मते एवढाच आहे, बाकी दोन्ही नेत्यांचे फोटोतले चेहरे काय बघायचे.

आणि वहीत खोटं लिहिलं तर? तेपण झालंय. ही गोष्ट मी दुकानात पोरांना नेहमी सांगतो. सीएफसी-११ नावाचा गॅस, तो पफ बनवायला वापरायचे, म्हणजे फ्रिजच्या भिंतीत जो फोम असतो तो. २०१० पासून जगभर पूर्ण बंद. पण मे २०१८ मध्ये अमेरिकन सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी छापलं की हवेतलं सीएफसी-११ जितक्या वेगानं कमी व्हायला पाहिजे तितकं होत नाहीये, २०१२ नंतर कुठेतरी वर्षाला साधारण १३ हजार टन जास्तीचा सुटतोय, आणि तो पूर्व आशियातून येतोय. मग २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचं आणि जपानच्या हातेरुमा बेटावरचं अशा दोन हवा तपासणी केंद्रांच्या नोंदी जोडल्या, वारा कुठल्या दिशेनं आला की आकडा उडी मारतो ते बघितलं, आणि बोट थेट पूर्व चीनमधल्या शानदोंग आणि हबेई प्रांतांवर आलं. म्हणजे कोणीतरी चोरून बनवत होतं, स्वस्त पडतो म्हणून.

हे सगळं कधी चाललेलं? २०१८-१९, म्हणजे अमेरिका-चीन टॅरिफ युद्ध पूर्ण जोरात, सोयाबीनपासून स्टीलपर्यंत. कोरिया, जपान, चीन यांची आपसातली जुनी दुखणी वेगळीच. अशा वेळी चीनला ‘हा अमेरिकेचा कट आहे’ म्हणून हात झटकता आले असते. त्यांनी कारखान्यांवर धाडी टाकल्या, तपासणीच्या लॅब वाढवल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच केंद्रांच्या नोंदींवरून दिसलं की तो जास्तीचा गॅस जवळपास थांबलाय. कोणी युद्ध केलं नाही, कोणी माफी मागितली नाही. हवेची नोंद ठेवणारी यंत्रं दोन बेटांवर होती, बस. मला रोज पाच ठिकाणी लीकेज शोधावं लागतं म्हणून असेल, पण साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघावा तसं अख्ख्या पूर्व चीनचं लीकेज दोन बेटांवर बसून शोधलं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

सगळंच गोड नाहीये. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा भयंकर जोडगॅस निघतो, तो जाळला तर पूर्वी कार्बन क्रेडिटचे पैसे मिळायचे, तर काही कारखाने म्हणे तो जाळायला मिळावा म्हणूनच आर-२२ जास्त बनवायला लागले. शेवटी युरोपनं २०१३ मध्ये ती क्रेडिट घ्यायची बंद केली. किगालीच्या वेळी आपल्या सरकारनं आपल्या कारखान्यांना सांगितलं की तो स्वतःच्या खर्चानं जाळा, ते चांगलं केलं. आणि खाली आमच्या पातळीवर डुप्लिकेट गॅसचा उच्छाद आहे. मी एकदा एका व्यापाऱ्याकडून कमी भावात १३४ए चं सिलिंडर घेतलं, बाहेर निळं, शिक्का बरोबर, आत काय मिसळलेलं होतं देव जाणे, एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर पंधरा दिवसांत जळाला. नवा कॉम्प्रेसर मी माझ्या खिशातून घातला. त्यापेक्षा वाईट म्हणजे मधल्या काळात त्याचा सगळा माल वितळला, आणि तो माणूस हातगाडीवर धंदा करणारा.

आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडायला निघाली. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त अमेरिका आणि चीन या दोन देशांचा, आणि आजवरचं सगळं जुनं बिल काढलं तर त्यात अमेरिका एक नंबर. त्यांच्या भांडणाचा चटका आमच्या गच्चीवर बसतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी भेटले, टॅरिफ थोडं खाली आलं, चीन परत अमेरिकेचं सोयाबीन घ्यायला तयार झाला, दुर्मिळ खनिजांवरचे निर्बंध वर्षभर पुढे ढकलले. चांगलं झालं. पण तिथून जेवढ्या बातम्या मी वाचल्या त्यात हवामानाची एक ओळ मला दिसली नाही. सोयाबीनला वेळ होता. तेवढ्या वेळात उन्हावरपण दहा मिनिटं बोलता आलं असतं. दहा वर्षांपूर्वी याच दोन देशांनी ते केलं होतं.

परवा एका जुन्या वाड्यात एसी बदलायचं काम होतं, २००९ चं मशीन, फिकट हिरवा स्टिकर, आर-२२. नव्या मशीनमध्ये हा गॅस भरायला आपल्याकडे २०२५ पासून बंदी आहे, पण जुनी मशीनं लाखोंनी भिंतींवर आहेत आणि त्यांचा गॅस कुठे जाणार हे माझ्यासारख्या माणसाच्या हातात आहे. माझ्याबरोबरचा पोरगा पाना घेऊन नट सैल करायला निघाला, घाई होती, पुढे अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मी त्याला थांबवलं. मशीन चालू करून लिक्विडचा वॉल्व्ह बंद केला, गेजचा काटा खाली येईपर्यंत थांबलो, मग दुसरा वॉल्व्ह बंद. सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतला, आणि दुकानात आणून रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून काट्यावर ठेवला. ९४० ग्रॅम भरला. पोरानं विचारलं की एवढ्याशासाठी अर्धा तास? मी त्याला तो पस्तीस हजार किलोमीटरचा हिशोब सांगितला, तर तो म्हणाला म्हणजे सोलापूर-पुणे किती खेपा? आम्ही दोघांनी मोबाईलवर काढल्या. अडीचशे किलोमीटर धरले तर एकशे तीसच्या वर.

रात्री झोपताना मी पाकिस्तानातल्या मुलतानच्या एका मेकॅनिकचे व्हिडिओ बघतो, दोन-तीन वर्षं झाली. माणूस कामात फार हुशार आहे, ब्रेझिंग, म्हणजे पाईपचा जोड, असा करतो की बघत राहावं. आर-३२ ला आग लागू शकते म्हणून काम करताना काय काळजी घ्यायची ते मला ट्रेनिंगपेक्षा त्याच्याकडून जास्त कळलं. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या दोन्ही देशांत ड्रोन आणि क्षेपणास्त्रं चालली होती त्या आठवड्यात त्याचा नवा व्हिडिओ आला नाही, आणि मी रोज बघायचो. शस्त्रसंधीनंतर काही दिवसांनी आला. तसाच गच्चीवर उभा, डोक्याला ओला पंचा, मागे मिनार, सिलिंडर काट्यावर. त्यानं सुरुवातीला नेहमीसारखं सांगितलं, पहिलं वजन लिहून घ्या, अंदाजानं गॅस भरू नका.